साडेचार फुटांची गल्ली

परभणीत ऑफिसर्स क्लबाच्या मागं
एक कोर्ट होतं, मुरमाचं, शेणानं सारवलेलं.
माझा बाप इरबा तिथला मार्कर.
पहाटे सुतळी ताणून फक्कीच्या रेघा मारायचा,
आणि चौथा भिडू आला नाही की
डेप्युटी साहेब हाक द्यायचे, इरब्या, ये रे.
बाप चपला काढून उभा राहायचा.
साहेबाच्या वाट्याचा चेंडू घ्यायचा नाही,
साहेबानं सोडलेला पडू द्यायचा नाही.
दुहेरीबद्दल याहून जास्त
मला पुढं कुठल्याच कोचनं शिकवलं नाही.

चौदा वर्षं खेळलो.
सगळ्यात वरचा नंबर अठ्ठ्याऐंशी,
तोही नऊ आठवडे, तोही दुहेरीत.
एकेरीत पात्रता फेरीच्या दिवशीच
संध्याकाळी बॅग भरून मोकळा.
आमच्याकडं म्हणतात, जगात जर्मनी, भारतात परभणी.
मी दोन्हीकडं पहिल्या फेरीत हरलोय.

माय विचारायची,
दोघं मिळून खेळायलात, तर बक्षीस बी अर्धंच का रे?
अर्धंच, माय.
मग हरलास तर, हार बी अर्धी?
नाही. ती ज्याची त्याला पूर्ण.

सहा वर्षं जोडीला लुकाश होता,
झेक, बाप त्याचा मधमाश्या पाळणारा.
मी त्याला तीन शब्द शिकवले: घे, सोड, थांब.
समोरच्यांना कळू नयेत म्हणून.
‘थांब’ त्याला कधीच जमलं नाही,
तो ‘ताम’ म्हणायचा, मी थांबायचो.
जाळीपाशी वाकून मी पाठीमागं बोटं धरायचो,
सर्व्हिस करण्याआधी तो ती वाचायचा.
मूठ म्हणजे, मी जागचा हलणार नाही.

लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे,
समोर अंतरपाट, पलीकडं चंद्रकला,
आणि माझ्या पाठीमागं वळलेली मूठ.
ती अजून विचारते, कुणाला खुणावत होतात हो?

एकदाच करंडक उचलला.
परभणीच्या पेपरात दोन ओळी:
‘जी. इरबा व जोडीदार विजयी’.
लुकाशनं त्याच्या गावचं कात्रण पाठवलं.
लिपी वाचता आली, भाषा नाही,
माझं नाव त्यात नव्हतं एवढं कळलं.

शेवटी गुडघा गेला. माझा, त्याचा नाही.
पण दुसऱ्या सकाळी दोघंही बेकार.

सलूनमधला नारायण वस्तरा थांबवून म्हणतो,
ते समदं खरं, पण एकट्यानं काय जिंकलं?
गळ्यावर वस्तरा असताना माणूस वाद घालत नाही.

आता त्याच कोर्टावर पोरं शिकवतो.
शेण गेलं, सिमेंट आलं,
एप्रिलात पाच वाजताही चेंडू
तव्यावरून उचलल्यासारखा.
सगळ्यांना एकेरीच खेळायची असते,
आईबाप कुंपणापलीकडं स्कूटीवर बसून मोजत असतात.
काल मुद्दसरनं फटका मारला तो गल्लीत पडला,
दोन रेघांमधल्या त्या साडेचार फुटी पट्टीत,
जिथं माझी चौदा वर्षं गेली.
ओरडला, सर, आत की बाहेर?
मी म्हणालो, तुम्ही किती जण खेळताय त्यावर आहे.
सर, ते राहू द्या,
पॉइंट कुणाचा तेवढं सांगा.

रात्री गच्चीवर लुकाशचा व्हिडिओ बघितला.
तळ्याचा काठ, त्याची पोरगी,
तिच्या ओंजळीत तडफडणारा मासा,
आणि कॅमेऱ्यामागून त्याचा जाडसर आवाज:
सोड.
पोरगी सोडते. पाणी हलतं.
मोंढ्याकडून ट्रकचे हॉर्न येतायत,
आणि माझ्या ध्यानात येतं,
दुखऱ्या गुडघ्यानं एक पाऊल डावीकडं सरकून
मी त्याची बाजू झाकून उभा आहे.